नवीन गावात डॉग ट्रेनरचं काम परत शून्यापासून, कुठून सुरुवात करू?

शेपूटवाली

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं इथे नुसती वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी डॉग ट्रेनर आहे. आधीच्या गावात सात वर्षं काम केलं आणि खरं सांगू का, त्या सात वर्षांत काम "शोधणं" हा प्रकार मला माहीतच नव्हता. पहिली दोन वर्षं एका जुन्या ट्रेनरच्या हाताखाली उमेदवारी केली, त्यांच्याकडे वर उरलेली कामं माझ्याकडे यायची, मग एकाचं कुत्रं पट्टा न ओढता नीट चालायला लागलं की शेजारचे विचारायचे कोणी शिकवलं, मग शेजाऱ्याची बहीण, बहिणीची ऑफिसातली मैत्रीण, अशी साखळी चालू राहायची. फोन वाजायचा, मी जायचे. बस.

आता नवऱ्याची बदली झाली म्हणून आम्ही इथे आलोय आणि इथे मला काळं कुत्रंही ओळखत नाही (हा विनोद मी रोज करते, घरात आता कोणी हसत नाही). चार महिने झाले आणि चार महिन्यांत क्लायंट किती तर दोन. त्यातला एक घरमालकांचा पुतण्या, म्हणजे तो धरायचा की नाही हाही प्रश्नच.

केलं काय काय ते सांगते. व्हेटच्या, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरांच्या, नऊ क्लिनिकमध्ये कार्ड ठेवून आले. मॅपवर नाव टाकलं. इन्स्टावर पान काढलं, बासष्ट फॉलोअर, त्यातले निम्मे नातेवाईक. फोन येतात ते असे की "आमचं कुत्रं चावतं, आठ दिवसांत बंद होईल का, गॅरंटी देता का?" मी म्हणते गॅरंटी नाही देत, की पलीकडून फोन बंद.

आणि आता एक मोठं ट्रेनिंग सेंटर मला नोकरी द्यायला तयार आहे. पगार ठीक. पण तिथे कुत्रं सहा आठवडे ठेवून घेतात आणि काम सगळं चोक चेन (ओढली की गळ्याला आवळणारी साखळी) आणि काटेरी पट्ट्यावर. मी क्लिकर (कुत्र्याने बरोबर केलं की टिक वाजवायची डबी) आणि खाऊवाली आहे, पहिल्यापासून. एक दिवस बघायला गेले होते, एक जर्मन शेफर्ड कान पाडून, ओठ चाटत, भेदरून भिंतीला चिकटून बसला होता आणि तिथला माणूस मला कौतुकाने सांगत होता बघा किती शांत झालाय. मला रात्री झोप नाही लागली. पण साठवलेले पैसे संपत चाललेत हेही खरं आहे. तर नोकरी धरू का? की अजून थांबू आणि थांबायचं तर नक्की करू काय? पहिली काही सेशन फुकट द्यावीत का असंही डोक्यात येतंय.

दोनदा_बिऱ्हाड

ताई, मी पण ट्रेनरच आणि माझं बिऱ्हाड दोनदा हललंय त्यामुळे तुमचा धागा वाचून पोटात कालवलं. पहिल्या वेळी मी तुम्ही केलंत तेच सगळं केलं आणि सहा महिने माशा मारल्या. दुसऱ्या वेळी थोडा शहाणा झालो होतो.

सगळ्यात पहिलं, चावणारी कुत्री आत्ता घेऊ नका. तुम्हाला जमत नाही म्हणून नाही, सात वर्षं केलंय म्हणजे येत असणारच. पण जुन्या गावात एखादी केस फसली तरी तुमच्या नावावर आधीच्या पन्नास चांगल्या केसेस असतात. इथे पहिलीच केस चावऱ्या कुत्र्याची घेतली, मालकाने सांगितलेलं केलं नाही, कुत्रं परत कोणाला चावलं, की गावभर काय होणार? "ती नवीन बाई आली होती ना, तिच्याने काही झालं नाही." मी हे भोगलंय. इथे पाय रोवले की घ्या, तेव्हा नाही कोण म्हणतंय.

आत्ता पिल्लं धरा. फक्त पिल्लं. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे बघेल, ऐकेल, हुंगेल ते त्याला पुढे आपलं वाटतं, हे तुम्हाला मी काय सांगणार. पण मालकाला हे माहीत नसतं. त्याला कोणीतरी सांगितलेलं असतं की सगळी इंजेक्शनं होईपर्यंत घराबाहेर काढू नका, म्हणजे तो काळ उलटून गेल्यावर पिल्लू पहिल्यांदा रस्ता बघतं आणि मग स्कूटर दिसली तरी भुंकतं. अमेरिकेतली प्राण्यांच्या वर्तनावर काम करणाऱ्या व्हेट लोकांची संघटना आहे, तिने २००८ सालीच लिहून ठेवलंय की पहिली लस आणि पहिलं जंताचं औषध दिल्यावर निदान सात दिवस गेले की सात-आठ आठवड्यांचं पिल्लू क्लासला यायला हरकत नाही, फक्त जागा स्वच्छ हवी आणि लसी वेळच्या वेळी चालू हव्यात. हा कागद घेऊन मी एका क्लिनिकच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो आणि म्हटलं तुमची बाहेरची खोली रविवारी बंद असते, मी स्वतः फरशी जंतुनाशकाने पुसतो, पाचच पिल्लं घेतो, सगळी तुमच्याकडेच लस घेतलेली. त्यांना काय, खर्च शून्य, उलट पेशंट बांधले जातात. तीन महिन्यांत माझे रविवार भरले. आणि पिल्लाचे मालक सगळ्यांना फोटो दाखवत फिरतात हो, म्हाताऱ्या कुत्र्याचे कोणी दाखवत नाही.

नोकरीचं, धरू नका. का ते नंतर लिहितो, आत्ता एक क्लायंट आलाय.

स्पष्टवक्ता४२

मी डॉग ट्रेनर नाही, कुत्रंही नाही माझ्याकडे. पण जगाचा अनुभव आहे. ताई नोकरी घ्या. तत्त्व बित्त्व पोट भरल्यावर. वर्षभर तिथे काढा, गावातले सगळे कुत्रेवाले तोंडओळखीचे होतील, मग सोडा आणि स्वतःचं काढा. सगळ्या धंद्यात लोक हेच करतात.

डॉ_टोचणी

मी टेबलाच्या पलीकडून बोलतो, म्हणजे ज्याच्या काउंटरवर तुम्ही लोक कार्ड ठेवून जाता तो मी.

ताई, राग मानू नका पण त्या कार्डांचं काय होतं ते सांगतो. माझ्याकडे एक ड्रॉवर आहे, त्यात ट्रेनर, ग्रूमर, बोर्डिंगवाले, कुत्र्यांची गादी विकणारे, सगळ्यांची कार्डं एकाच रबरबँडमध्ये सुखाने नांदतायत. पेशंटने विचारलं तर मी ड्रॉवर उघडतच नाही, मला जे नाव तोंडपाठ आहे तेच सांगतो. का? कारण मी पाठवलेल्या माणसाने घोळ घातला तर शिव्या मला बसतात.

माझ्या तोंडात जिचं नाव बसलंय ती ट्रेनर कशी बसली ते ऐका. एक सहा वर्षांचा कॉकर स्पॅनियल, आयुष्यभर गरीब गाय, अचानक डोक्यावरून हात फिरवला की गुरगुरायला लागला. मालकांनी थेट ट्रेनरला बोलावलं. तिने घरी जाऊन अर्धा तास त्याला नुसतं बघितलं आणि फी न घेता सांगितलं की मी याला हात लावत नाही, आधी डॉक्टरकडे न्या, हा डोकं एका बाजूला कलतं धरतोय. सोबत एक पानभर चिठ्ठी, कधीपासून, कुठे हात लावला की गुरगुरतो, झोप कशी, खाणं कसं. कान बघितला तर आत सगळं सुजून लाल. औषध दिलं, दोन आठवड्यांत गुरगुर बंद. ट्रेनिंगचं एक सेशन झालं नाही, पण त्या दिवसापासून माझ्याकडून ती बाई वर्षाला निदान वीस-पंचवीस घरं घेऊन जाते. जिला "हे माझं काम नाही" म्हणता येतं तिच्यावर विश्वास ठेवता येतो, एवढं साधं आहे.

म्हणून माझा सल्ला, कार्ड घेऊन जाऊ नका, प्रश्न घेऊन जा. दुपारी क्लिनिक रिकामं असतं तेव्हा जा आणि विचारा, डॉक्टर, तुमच्याकडे येणारं सगळ्यात त्रासदायक कुत्रं कुठलं? प्रत्येक व्हेटकडे अशी पाच नावं असतात. नखं कापू न देणारं, टेबलावर चढलं की थरथर कापणारं, चार जणांनी धरावं लागणारं. त्यातलं एक घ्या आणि त्याला मझल (तोंडाची जाळी) आनंदाने घालून घ्यायला शिकवा, पंजा हातात द्यायला शिकवा. माझी कंपाउंडर पोरं तुमचे पाय धरतील. आणि दर केसनंतर डॉक्टरला चार ओळी लिहून पाठवा, पाठवलं होतं त्याचं काय झालं हे आम्हाला कोणीच कधी कळवत नाही.

बंड्याची_आई

डॉ. तुमच्या ड्रॉवरला +१०० 😂

मी साधी कुत्रं पाळणारी बाई, पण ट्रेनर शोधताना माझ्या डोक्यात काय चालू होतं ते सांगते, कदाचित उपयोग होईल. मी "डॉग ट्रेनर" असं शोधलंच नव्हतं!! मी रात्री अकरा वाजता मोबाईलवर लिहिलं होतं "कुत्रा एकटा राहिला की दार ओरबाडतो" कारण त्या दिवशी बंड्याने दाराचा खालचा सगळा कोपरा कुरतडला होता आणि खालच्या मजल्यावरचे भांडून गेले होते. मला ट्रेनर नको होता, मला दार वाचवायचं होतं. एका ट्रेनरने बरोब्बर त्यावरच दोन पानं लिहून ठेवली होती, हा खोडसाळपणा नाही घाबरणं आहे, शिक्षा केली तर वाढेल वगैरे, ते वाचून मला रडूच आलं कारण मी आदल्या दिवशी बंड्याला ओरडले होते. मग तिलाच फोन केला.

आणि फोनवर तिनेच मला वीस मिनिटं प्रश्न विचारले. बाकीच्या तिघांनी पहिल्या मिनिटाला पॅकेज सांगितलं होतं. मी सगळ्यांना एकच प्रश्न विचारला होता की कुत्रा चुकला तर तुम्ही काय करता. एकाने सांगितलं "त्याला कळलं पाहिजे बॉस कोण आहे", मी फोन ठेवला. तर ताई तुमच्या पानावर पोझ दिलेल्या कुत्र्यांचे फोटो कमी आणि असं दार, सोफा, चपला, पाहुण्यांवर उड्या, यावर लिहा. मोबाईल उघडणाऱ्या बाईचं दार कुरतडलेलं असतं हे लक्षात ठेवा.

दोनदा_बिऱ्हाड

आलो परत. स्पष्टवक्ते, तुमचं म्हणणं किराणा दुकानाला लागू पडेल, इथे नाही. एक तर अशा सेंटरच्या करारात बऱ्याचदा लिहिलेलं असतं की सोडल्यावर अमुक काळ जवळपास हाच धंदा करायचा नाही, म्हणजे ताई वर्षाने सोडून परत बिनकामाच्या. (घ्यायची झालीच तर करार शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.) दुसरं, वर्षभर लोक ताईंना काटेरी पट्टा हातात घेतलेल्या बघणार आणि मग ताई म्हणणार मी खाऊवाली, कोण विश्वास ठेवेल? आणि तिसरं, सहा आठवडे ठेवून घेतलेलं कुत्रं घरी गेलं की घरच्यांना काहीच शिकवलेलं नसतं. तिथे ऐकतं, घरी ऐकत नाही. मग मालक शिव्या कोणाला देणार, जिचा चेहरा आठवतो तिला.

ते "बॉस कोण" प्रकरणाबद्दल एक अवांतर, मला राहवत नाही. ते सगळं १९४७ साली एका शास्त्रज्ञाने पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांवरून लिहिलेलं, तिथून पसरलं. डेव्हिड मेक म्हणून अमेरिकन लांडगेवाले आहेत, त्यांनी स्वतःही १९७० च्या पुस्तकात तेच लिहिलं होतं आणि मग रानातले लांडगे वर्षानुवर्षं बघितल्यावर १९९९ मध्ये पेपर लिहून सांगितलं की बाबांनो रानातला कळप म्हणजे आई, बाप आणि पोरं, कसला अल्फा, म्हणजे कळपाचा बॉस. स्वतःचं म्हणणं असं मागे घ्यायला छाती लागते. पण काटेरी पट्टेवाल्यांपर्यंत ती बातमी अजून पोचलेली नाही. अवांतर समाप्त.

पैशाची नड असेल तर नोकरी घ्या पण दुसरी. डे केअरमध्ये, बोर्डिंगमध्ये, कुत्री फिरवण्याची. हलकं काम वाटू देऊ नका. दिवसाला दहा कुत्री आणि दहा घरं हाताखालून जातात.

स्पष्टवक्ता४२

कराराचा मुद्दा मान्य. बाकी पोटाचा मुद्दा कायम.

पडद्याआडून

एक वेगळा मुद्दा, जुनं गाव सुटलं म्हणून जुने क्लायंट सुटलेच पाहिजेत असं नाही. मी गेली काही वर्षं फक्त व्हिडिओ कॉलवर काम करते आणि त्यातही फक्त एकटं राहू न शकणारी कुत्री. बंड्याच्या आईंची केस म्हणजे माझं रोजचं जेवण. या केसेसना तर ट्रेनर घरात नसलेलाच बरा, कारण माणूस घरात असला तर कुत्रं एकटं कुठे राहिलं? मालक दाराबाहेर, कॅमेरा घरात, मी पडद्यावर, आणि आम्ही सेकंद मोजतो. पाच सेकंद, मग आठ, मग परत तीन. कंटाळवाणं काम आहे, महिनोन्महिने चालतं, त्यामुळे करणारे कमी आणि मागणी भरपूर.

जुन्या क्लायंटना आजच मेसेज टाका, मॅपवर चार ओळी लिहा म्हणावं, आणि नुसतं "छान ट्रेनर" नको, कुत्र्याचं नाव, काय त्रास होता, काय बदललं, असं. आणि जुन्या गावातले जे व्हेट तुम्हाला ओळखतात त्यांना इथल्या एखाद्या व्हेटला फोन करायला सांगा, एका डॉक्टरने दुसऱ्याला केलेला फोन तुमच्या नऊ कार्डांना भारी पडेल.

सर्टिफिकेट आहे का काही? नसेल तर सीपीडीटी, म्हणजे "सर्टिफाइड प्रोफेशनल डॉग ट्रेनर" या सर्टिफिकेटची परीक्षा बघा. ती घेणाऱ्या संस्थेला मागच्या तीन वर्षांतले निदान ३०० तास ट्रेनिंगचा अनुभव लागतो आणि व्हेटचं किंवा त्यांच्या सर्टिफाइड ट्रेनरचं सहीनिशी पत्र लागतं. तुमचे तास जुन्या गावात झालेत आणि सही करणारे डॉक्टरही तिथेच आहेत, तर हे आत्ता करा. इथे बसून वाट बघत राहिलात तर ते तास शिळे होत जाणार. जिथे कोणी ओळखत नाही तिथेच त्या कागदाला किंमत असते. आणि हो, त्यांच्या नियमांतही गॅरंटी देऊ नये असंच आहे, पुढच्या वेळी फोन आला की हेच सांगा, "गॅरंटी देणारा भेटला तर त्याला विचारा की कुत्र्याने सही केलीय का".

फुकटबद्दल, मालकांना फुकट देऊ नका, फुकट घेतलेला सल्ला कोणी पाळत नाही. द्यायचंच तर एखाद्या शेल्टरला आठवड्यातले दोन तास द्या. तिथलं कुत्रं ज्या घरात जातं ते घर तुमचं नाव बरोबर घेऊन जातं.

शेपूटवाली

बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. सगळं परत परत वाचतेय.

डॉक्टर, ड्रॉवरचं वाचून आधी राग आला मग हसू आलं मग लाज वाटली, कारण नऊपैकी एकाही ठिकाणी मी डॉक्टरांशी बोललेच नव्हते, काउंटरवरच्या मुलीला कार्ड देऊन पळून आले. कुत्र्यांशी बोलायला लाज नाही वाटत, माणसांशी वाटते.

पडद्याआडून, सर्टिफिकेट नाही, तासांचं मला खरंच माहीत नव्हतं. जुन्या डॉक्टरांना आजच फोन करते.

एक गंमत सांगते, माझी मोती अकरा वर्षांची आहे आणि दोन वर्षांपासून तिला अजिबात ऐकू येत नाही. सगळं हाताच्या खुणांवर चालतं आमचं. संध्याकाळी बागेत मी हात वर केला की ती लांबून पळत येते आणि बाकावरची म्हातारी माणसं रोज विचारतात की हाक न मारता कशी आली हो. मी आपली उत्तर देऊन घरी येते.

बंड्याची_आई

अहो आणि तुम्ही विचारताय क्लायंट कसे मिळवू!!! रोज संध्याकाळी तुमची जाहिरात बागेत धावतेय आणि तुम्ही घरी निघून येताय. थांबा तिथे अर्धा तास. बाकावर बसा.

डॉ_टोचणी

सहमत. म्हाताऱ्या, कान गेलेल्या कुत्र्यांचे मालक माझ्याकडे दर महिन्याला येतात, आता हा काही शिकायचा नाही म्हणून हताश झालेले असतात. मोतीचा एक मिनिटाचा व्हिडिओ करा, माझ्यासारख्याला पाठवायला बरा पडेल.

शेपूटवाली

तीन आठवड्यांनी परत आलेय, उशीर झाला, सॉरी.

सेंटरला "नाही" असं कळवून टाकलं. त्यांनी कारण विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. एका डे केअरमध्ये दुपारचं चार तासांचं काम धरलंय, पगार कमी आहे आणि नवऱ्याशी त्यावरून एकदा वाजलंही, पण घरखर्चाला हातभार लागतोय. स्पष्टवक्ते, पोटाचा मुद्दा माझ्या लक्षात आहे.

चार क्लिनिकमध्ये प्रश्न घेऊन गेले. दोघांनी वेळच दिला नाही, एकाने चहा पाजून स्वतःच्याच कुत्र्याचं गाऱ्हाणं सांगितलं (डॉक्टरांचं कुत्रं डॉक्टरांवरच भुंकतं), आणि एका डॉक्टरीणबाईंनी लगेच फाईल काढली, चार वर्षांचा लॅब, कानाचा त्रास सारखा होतो आणि कानात औषध घालू देत नाही, गेल्या वेळी कंपाउंडरचा हात फोडलाय. मी म्हटलं सध्या चावऱ्या केसेस घेत नाही, त्या म्हणाल्या हा चावरा नाही हो, घाबरतो. विचार केला आणि घेतला. आत्ताचा कान त्यांनी गुंगी देऊन साफ करून दिला, दुखणं गेल्यावरच मी सुरुवात केली. दोन सेशनमध्ये हनुवटी माझ्या मांडीवर टेकून बसायची सवय लावली, टेकली की खाऊ, उचलली की मी हात मागे, म्हणजे थांबवणं त्याच्या हातात. काल औषधाची बाटली त्याने स्वतः येऊन हुंगली.

बागेत थांबते रोज. बाकावरच्या एका आजोबांचा पंधरा वर्षांचा पॉमेरेनियन आता दोन खुणा शिकलाय, फी म्हणून ते मला बळंच पैसे देतात आणि दोन पिल्लंवाली घरं त्यांनीच पाठवली. पिल्लांच्या क्लासचं त्या डॉक्टरीणबाईंशी बोलणं चालू आहे, जागेचं अजून नक्की नाही. परवा लॅबचं तिसरं सेशन, त्यात पहिल्यांदा खरा थेंब कानात घालायचाय. माझ्याच पोटात गोळा आलाय.

डॉ_टोचणी

बाटली आधी पाचेक मिनिटं मुठीत धरून कोमट करा. अर्धी कुत्री औषधाला नाही, कानात पडणाऱ्या गार थेंबाला दचकतात. आणि झालं की मला नाही तरी त्या डॉक्टरीणबाईंना चार ओळी लिहा.